आर्नोकाठचे छत्रपती : परक्या नदीत विसर्जित झालेल्या रक्षेची कथा

१/
इटलीतील फ्लोरेन्स शहराच्या पश्चिमेस काशिने नावाचे विस्तीर्ण उद्यान आहे. ते जिथे संपते, तिथे मुन्योने ही लहानशी नदी आर्नो नदीला मिळते. या संगमापाशी एक छत्री उभी आहे आणि तिच्याखाली पागोटे घातलेल्या एका तरुणाचा रंगवलेला अर्धपुतळा आहे. हा तरुण म्हणजे करवीरचे छत्रपती राजाराम महाराज. १८७० साली त्यांचा देह याच ठिकाणी अग्नीला अर्पण करण्यात आला.

२/
नावामुळे होणारा घोटाळा आधी दूर करू. हे शिवछत्रपतींचे पुत्र राजाराम नव्हेत आणि राजर्षी शाहूंचे पुत्र राजारामही नव्हेत. मूळचे पाटणकर घराण्यातील हे राजाराम १८६६ मध्ये दत्तक म्हणून कोल्हापूरच्या गादीवर आले. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज यांच्याच नावाचे.

३/
१८७० मध्ये महाराज विलायतेला निघाले. समुद्र ओलांडणे धर्मबाह्य मानले जाण्याचा तो काळ. गादीवर असताना असा प्रवास करणारे हिंदू राजे दुर्मीळच. या प्रवासाची रोजनिशी महाराजांनी इंग्रजीत लिहिली. त्यांच्यासोबत असलेले इंग्रज अधिकारी कॅप्टन वेस्ट यांनी ती १८७२ मध्ये लंडनला प्रसिद्ध केली. तोवर रोजनिशीचा कर्ता हयात नव्हता.

४/
परतीच्या वाटेवर महाराजांची प्रकृती बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्स येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे २० वर्षांचे. सोबतच्या मंडळींपुढे शोकाइतकाच कठीण प्रश्न उभा राहिला : या देहाचे काय करायचे?

५/
प्रश्न किती अवघड होता, हे आधीच्या दोन उदाहरणांवरून कळते. राजा राममोहन रॉय १८३३ मध्ये ब्रिस्टल येथे आणि द्वारकानाथ ठाकूर १८४६ मध्ये लंडन येथे निवर्तले. दोघांचेही दफन करण्यात आले. दहनासाठी बांधलेली आधुनिक भट्टी इटलीत पहिल्यांदा वापरली गेली ती १८७६ मध्ये, मिलान येथे. म्हणजे महाराज गेले तेव्हा कॅथलिक फ्लोरेन्समध्ये दहनाची सोय नव्हती आणि रूढीही नव्हती.

६/
मात्र एक योगायोग उपयोगी पडला. फ्लोरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती आणि त्यामुळे ब्रिटिश वकिलातही तिथेच होती. तिच्या मध्यस्थीने नगरपालिकेची विशेष परवानगी मिळाली आणि जागा ठरली ती दोन नद्यांच्या संगमाची.

७/
संगमच का? करवीरकरांना हे सांगावे लागत नाही. कृष्णा-पंचगंगेचा संगम असलेली नृसिंहवाडी कोल्हापूरपासून जवळच; कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम कराडला. जिथे दोन प्रवाह एकत्र येतात ते स्थळ तीर्थ, ही जुनी श्रद्धा. त्यामागील विचार ध्यानात घेण्याजोगा आहे. स्नानाच्या वेळी घरच्या पाण्यातही गंगा-गोदावरीचे आवाहन केले जाते. म्हणजे पावित्र्य जसे भूगोलात आहे तसेच आवाहनातही आहे, आणि आवाहन कुठेही करता येते.

८/
सोबतच्या मंडळींनी नेमका हाच आधार घेतला. पंचगंगा हजारो मैल दूर होती, पण संगम समोर होता. हिंदू पद्धतीने चिता रचली गेली. फ्लोरेन्सकरांनी असा विधी पूर्वी पाहिलेला नव्हता. त्यांच्या देखत तो पार पडला आणि रक्षा आर्नोच्या प्रवाहात सोडण्यात आली. जो प्रवासच धर्मबाह्य मानला जाई, त्याचा शेवट धर्मविधीने झाला.

९/
कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर राजघराण्याच्या समाध्या आहेत. त्या रांगेतील अंत्यविधी या राजाच्या वाट्याला आला नाही. ती उणीव फ्लोरेन्समधील छत्रीने काहीशी भरून काढली. १८७४ मध्ये उभ्या राहिलेल्या या स्मारकावर चार भाषांत लेख आहेत. पुतळा शिल्पकार फुलर यांचा आणि छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडाही याच मँट यांनी केला. एकाच हाताने या घराण्याचा महालही रेखला आणि परदेशातील स्मृतिछत्रीही.

१०/
फ्लोरेन्सने स्मारक जपले, पण नाव मात्र विसरले. तिथले लोक या जागेला ‘इंदियानो’, म्हणजे ‘हिंदी माणूस’, एवढेच म्हणतात. १९७० च्या दशकात शेजारी उभारलेला तारांच्या आधाराचा पूलही ‘इंदियानोचा पूल’ म्हणूनच ओळखला जातो. त्यावरून रोज जाणाऱ्या किती जणांना कोल्हापूर ठाऊक असेल?

११/
पुढे असाच प्रसंग इंग्लंडमध्ये आला. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या हिंदी सैनिकांवर ब्रायटन येथे उपचार होत. त्यांपैकी मृत्यू पावलेल्या ५३ हिंदू व शीख सैनिकांचे दहन शहराबाहेरच्या टेकडीवर झाले आणि रक्षा समुद्रात सोडण्यात आली. १९२१ मध्ये तिथेही छत्रीच उभारली गेली. एक राजा आणि ५३ शिपाई. निरोपाची रीत मात्र एकच : अग्नी, पाणी आणि एक छत्री.

१२/
आज परदेशात स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांपुढे हाच प्रश्न असतो : अस्थी मायदेशी न्यायच्या की इथल्याच पाण्यात सोडायच्या? इटलीत रक्षाविसर्जनाला मुभा देणारा कायदा २००१ मध्ये झाला. त्याआधी १३१ वर्षे काही करवीरकरांनी आपल्या २० वर्षांच्या राजासाठी त्याच देशात या प्रश्नाचे उत्तर शोधले होते. त्यांनी परंपरा सोडली नाही आणि ती पंचगंगेच्या घाटाशी बांधूनही ठेवली नाही. फ्लोरेन्सला जाणे झाले तर काशिनेच्या टोकापर्यंत अवश्य चालत जावे. तिथे वाहणारी आर्नो करवीरच्या इतिहासाचाही एक भाग आहे.