भारतीय वैद्यकीय पथक, चीन

भारतीय वैद्यकीय पथक, चीन (१९३८–४३) : जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने पाठवलेले पाच डॉक्टरांचे पथक. चिनी साम्यवादी सेनापती जू द यांनी जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले आणि काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी त्यासाठी निधीचे आवाहन केले. पथकप्रमुख डॉ. अटल यांना स्पेनमधील यादवी युद्धाचा अनुभव होता. नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, तसेच डॉ. बसू व डॉ. मुखर्जी हे त्यांचे सहकारी. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईहून निघाले. राष्ट्रवादी सरकारच्या ताब्यातील शहरांत काम करून ते १९३९ च्या आरंभी साम्यवाद्यांच्या येनानला पोहोचले. चोळकर व मुखर्जी लवकर परतले. कोटणीस परतलेच नाहीत. उत्तर चीनमधील बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद १९४१ मध्ये त्यांच्याकडे आले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराने त्यांचा अंत झाला.

युद्धातील डॉक्टर युद्धाबाहेर असतो का, हा या पथकाच्या इतिहासातला खरा प्रश्न आहे, आणि त्याचा विचार वर्धा जिल्ह्याला वगळून करता येत नाही. १९३६ पासून गांधीजी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला राहत होते. १८९९ च्या बोअर युद्धात सुमारे ११०० भारतीयांचे शुश्रूषा पथक त्यांनी उभारले होते. तरीही जखमींची सेवा करणारा युद्धाच्या दोषातून सुटत नाही, असे त्यांनी आत्मकथेत स्पष्ट मांडले. हा आक्षेप टाळता येण्यासारखा नाही. बरा झालेला सैनिक पुन्हा आघाडीवर जातो, म्हणजे शस्त्रक्रियेचे टेबलही सैन्याचे बळ वाढवते. मात्र यावरून डॉक्टरने दूर राहावे असे ठरत नाही. आक्रमकाचे आणि आक्रांताचे बळ एकाच मापाने तोलता येत नाही, हे खुद्द वर्ध्यातही मान्य झाले होते. १४ जून १९४२ रोजी गांधीजींनी सेवाग्रामहून चीनच्या राष्ट्रवादी सरकारचे नेते च्यांग कै-शेक यांना पत्र लिहून, ब्रिटिशांनी सत्ता सोडावी या मागणीमुळे चीनच्या संरक्षणाला धक्का लागू नये, ही आपली काळजी कळवली. महिन्याभराने वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीने केलेल्या ठरावातही चीनच्या संरक्षणाचा विचार होता. हिंसेला विरोध आणि चीनची पाठराखण यांतला ताण तेथे लपवलेला नाही. कोटणिसांसारख्या डॉक्टरांनी तो प्रत्यक्ष जगून दाखवला.

डॉक्टरने बाजू घेतली तर रुग्णसेवेची पवित्रता राहील का, असा दुसरा आक्षेप येतो. त्यात दोन गोष्टींची गल्लत आहे. १८६४ च्या जिनीव्हा कराराने जखमी कोणत्याही पक्षाचा असो, त्याची शुश्रूषा बंधनकारक केली. सैन्यातील वैद्यकीय सेवकांनाही संरक्षण दिले. डॉक्टरला स्वतःचा देश किंवा स्वतःचे मत नसावे, अशी अट त्या कराराने घातलेली नाही. समोरच्या जखमीबाबत भेदभाव करू नये, हे बंधन डॉक्टरच्या हाताला आहे. अन्याय कोणाचा हे ओळखण्यापासून ते त्याच्या बुद्धीला रोखत नाही.

तिसरा आक्षेप संख्येचा. अवाढव्य युद्धात पाच डॉक्टरांनी असा काय फरक पडणार? केवळ शस्त्रक्रियांवर मोजले तर उत्तर निराशाजनकच येईल. परंतु कोटणीस चिनी भाषा शिकले आणि त्या भाषेत त्यांनी नव्या वैद्यकीय सेवकांना शिकवले. एक शल्यचिकित्सक मरणानंतर थांबतो, त्याने घडवलेले हात मात्र काम करीत राहतात. म्हणून या पथकाचे मोल तटस्थतेत शोधू नये. आपणही युद्धाचा भाग आहोत हे ओळखून, ज्याच्यावर आक्रमण झाले त्याच्या बाजूला उभे राहणे आणि तरीही शस्त्र न उचलता माणूस वाचवणे, या कठीण नीतीचे ते भारतीय उदाहरण आहे. परतंत्र देशाच्या डॉक्टरांनी ते घालून दिले, हे विशेष.