जहाज छापाला भाव नाही

आधी वास येतो. वलांडीवर वाळणारे बोंबील, त्यात डांबराचा आणि ओल्या जाळ्यांचा वास मिसळलेला. मग मागे द्रोणागिरीचा डोंगर दिसतो आणि समोर धरमतरच्या खाडीचं मुख, पलीकडे रेवस. गाव करंजा, साल 1976. जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा आहे. तिकडे न्हावा-शेव्याचं बंदर सुरू व्हायला तेरा वर्षं आहेत. तू दहा वर्षांचा आहेस आणि तुझ्या चड्डीच्या खिशाला भोक आहे, म्हणून भांडवल बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलंय.

डबा उघड. आत काडेपेट्यांचे छाप आहेत.

लाकडी पेटीवरचा कागद ओढून काढायचा नसतो, फाटतो. रिकामी पेटी वाटीभर पाण्यात बुडवायची, खळ सुटेपर्यंत थांबायचं, मग छाप नखाने अलगद सोडवून पाट्यावर वाळत घालायचा. कोपरा दुमडला की किंमत अर्धी. हे तुला कुणी शिकवलेलं नाही.

सगळ्यात वरचा गठ्ठा जहाज छापाचा. अंबरनाथच्या विमको कारखान्याचा हा माल. घराघरांत हीच पेटी, नाखव्याच्या विडीला हीच, देवाच्या दिव्याला हीच. म्हणून होड्यांच्या या गावात जहाजालाच भाव नाही. पाच जहाजं दे, कुणी एक साधा पोपट देणार नाही. भाव आहे तो दक्षिणेकडच्या छापांना. शिवकाशी, सात्तूर, कोविलपट्टी ही नावं तुला भूगोलाच्या पुस्तकातून नाही, या कागदांवरून कळलीत. तिकडे घराघरांतून चालणारे छोटे कारखाने, आणि प्रत्येकाचा छाप वेगळा: वाघ, मोर, किल्ली, तराजू. (भडक रंगातला मोर तर असा, की अख्ख्या वर्गाने रांग लावून पाहिला.)

करंज्याच्या पोराला एक सोय आहे, जी उरणच्या बाजारातल्या पोराला नाही. आपल्या होड्या मासळी घेऊन मुंबईला ससून डॉकला जातात. तिथे कुठकुठचे खलाशी भेटतात, एकमेकांची विडी पेटवतात आणि पेट्या खिशात राहून जातात. होडी धक्क्याला लागली की तू टोपल्यांच्या गर्दीत घुसतोस.

"काका, पेटी हाय का रिकामी?"

"कशाला पायजे रं? विडी वढतंस काय?"

अख्खी होडी हसते. तू पण हसतोस आणि हात पुढे ठेवतोस.

पावसाळ्यात खरी गंमत. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, झापांखाली झाकलेल्या. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद, म्हणजे तुझी आवकही बंद. वैशाखात एका मोराला दोन वाघ मिळत होते, आषाढात तीन मिळतात. म्हणून पावसाआधीच तू माल साठवलायस आणि दमटपणाने चिकटू नये म्हणून डबा चुलीवरच्या शिंक्यात, सुक्या मासळीशेजारी टांगलायस. छापांना बोंबलांचा वास लागतो. उरणची पोरं नाक धरून सौदा करतात, पण करतात.

आता नीट बघ, आजचा दिवस महत्त्वाचा आहे. आयेने वाण्याकडे मीठ आणायला पाठवलंय. गोणीमागे नवा पुडा नुकताच फोडलाय. आत मोर. एकावर एक रचलेले, करकरीत, डझनभर मोर.

तू मीठ घेऊन पळत घरी येत नाहीस. सरळ आत्याच्या घरी जातोस. तिचा धाकटा, आठ वर्षांचा, कित्येक दिवस तुझ्या मोरांमागे लागलाय. त्याच्याकडे कमळाचं पिवळं वीस पैशाचं नाणं आहे, जत्रेला मिळालेलं, आणि तीन पैशांची षट्कोनी दोन नाणी.

"चारी मोर देतो," तू म्हणतोस. "आजच. उद्या नाय."

'आजच' हा शब्द कुठून सुचला, देव जाणे. तो एकदा मोरांकडे बघतो, एकदा मुठीकडे. मग मूठ उघडतो. सव्वीस पैसे. तुझ्या धंद्यातला सगळ्यात मोठा सौदा.

रात्री पावसाचा आवाज ऐकत तू नाणं बोटांनी चाचपतोस. कमळाच्या पाकळ्या अंधारातही लागतात.

सकाळी तो दारात उभा आहे. भिजलेला, धापा टाकत. तू मनातल्या मनात उत्तर तयार करतोस: सौदा म्हणजे सौदा. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नाही. त्याने सदऱ्याच्या ओच्यात काहीतरी जपून आणलंय. आणखी दोन मोर, अजून पेटीला चिकटलेले, आत काड्या तशाच.

"दादा," तो कुजबुजतो, घरात कुणी ऐकू नये म्हणून. "वाण्याकडं लय हायती. कुनाला सांगू नको. आपन दोघं मिळून इकू."