पार्किन्सन आजार : अंगावर घालायचे सेन्सर

पार्किन्सनच्या रुग्णाच्या मनगटावर, पायावर किंवा कमरेला बांधून त्याच्या हालचालींची दिवसभर नोंद घेणारी छोटी इलेक्ट्रॉनिक साधने. हाताचा कंप, हालचालींतला मंदपणा, अडखळणारी चाल आणि औषधाचा चढउतार त्यांच्यामुळे आकड्यांत मांडता येतो. त्यांचा मुख्य उपयोग निदान झालेल्या रुग्णावर लक्ष ठेवण्यासाठी आणि गोळ्यांच्या वेळा व मात्रा ठरवण्यासाठी होतो.

गरज : या आजाराचे वर्णन लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये केले. मेंदूतील डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होत जातात. लेवोडोपाची गोळी ती उणीव काही तास भरून काढते. आजार जुना होतो तसा गोळीचा असर लवकर उतरू लागतो. मग अंग मोकळे असण्याचा ‘ऑन’ काळ आणि जखडल्याचा ‘ऑफ’ काळ आलटून पालटून येतात. काहींचे अंग आपोआप वळवळू लागते. थोड्या वेळाच्या तपासणीत डॉक्टरांना यातला एकच तुकडा दिसतो, बाकीचे रुग्णाच्या आणि घरच्यांच्या आठवणीवर सोडावे लागते.

कार्य : साधनातील अ‍ॅक्सेलरोमीटर वेगातला बदल मोजतो, जायरोस्कोप वळण्याची गती. विसाव्याच्या वेळचा कंप सेकंदाला साधारण 4 ते 6 वेळा होतो, त्यामुळे तो इतर हालचालींतून वेगळा काढता येतो. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात तेव्हा पायांत 3 ते 8 हर्ट्झची थरथर वाढते; त्यावरून ‘गोठणे’ ओळखता येते. मेलबर्नमध्ये विकसित झालेले ‘पीकेजी’ हे मनगटी साधन रुग्ण काही दिवस सलग घालतो. गोळीची वेळ झाली की ते थरथरते; गोळी घेतल्यावर रुग्ण त्यावर अंगठा टेकवतो. दर दोन मिनिटांच्या नोंदींवरून आलेख तयार होतो आणि गोळी कधी लागू पडली, कधी उतरली हे डॉक्टर त्यावर पाहू शकतात.

प्रसार : उपचारांचे मूल्यमापन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने 2023 मध्ये पीकेजीसह पाच साधनांना, आणखी पुरावा गोळा करण्याच्या अटीवर, मान्यता दिली. त्याच वर्षी कार्डिफच्या संशोधकांनी लाखाहून अधिक ब्रिटिश लोकांच्या मनगटी नोंदी तपासल्या. निदानाच्या आधी सात वर्षांपर्यंत हालचालींत फरक पडलेला असू शकतो, असे त्यांना आढळले.

महाराष्ट्र : मुंबईतील पारशी वसाहतींच्या 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लाखामागे सुमारे 328 रुग्ण आढळले होते. ‘पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी’ मुंबईत 2001 पासून रुग्ण व कुटुंबीयांसाठी काम करते. मुंबईच्याच लाइफस्पार्क टेक्नॉलॉजीजने बनवलेले ‘वॉक’ हे साधन पायांवर बांधतात. कंपनांच्या ठेक्याने ते अडखळलेल्या चालीला साथ देते.

सुरगाणा आणि दुर्गम भाग : नाशिक जिल्ह्याच्या गुजरात सीमेवरील या आदिवासीबहुल तालुक्यातून मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवायचे तर नाशिक गाठावे लागते, म्हणजे घाटरस्त्याने एका बाजूने सुमारे 90 किलोमीटर. थकलेला रुग्ण, त्याच्यासोबत एक माणूस आणि दोघांची बुडालेली मजुरी असा हा खर्च असतो. शिवाय प्रवासात गोळी उतरली तर तज्ज्ञासमोर रुग्णाची निराळीच अवस्था येते. साधनाचा खरा लाभ अशा रुग्णालाच आहे : आठवड्याची नोंद ग्रामीण रुग्णालयातून पाठवता आली, तर गोळीतला बदल दूरध्वनीवर किंवा ई-संजीवनीसारख्या दूरवैद्यकीय सेवेतून सांगता येईल.

त्यासाठी काही गोष्टी आधी व्हायला हव्यात. नेटवर्क नसताना नोंद साधनातच साठली पाहिजे आणि एका चार्जिंगवर ते अनेक दिवस चालले पाहिजे. सुपात धान्य पाखडणे किंवा खडबडीत रस्त्यावरचा जीपचा प्रवास यांच्या लयीची कंपाशी गल्लत होऊ शकते, म्हणून इथल्या कामकरी माणसांच्या नोंदींवर आकडेमोड पारखून घ्यावी लागेल. बद्धकोष्ठ, उदासी, झोपमोड यांसारखी लक्षणे मनगटावर उमटत नाहीत. ती विचारूनच कळतात. त्यासाठी आशा कार्यकर्तीला या आजाराची ओळख करून देणे आणि नोंद वाचणारा डॉक्टर ठरवून देणे, ही साधनखरेदीइतकीच आवश्यक तयारी आहे.