फ्लोराइड दातात शिरतं कसं?

मंडळी, टूथपेस्टच्या ट्यूबवरची बारीक अक्षरं कधी वाचलीत का? मी वाचली, आणि अख्खा वीकेंड दातांच्या इतिहासात गेला.

एनॅमल म्हणजे वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट. जंतूंच्या आम्लाने ते विरघळतं आणि दात किडतो. फ्लोराइड त्यात शिरलं की ते आम्लाला सहज दाद देत नाही. प्रकरण साधं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला अमेरिकन सैन्यात भरती व्हायला समोरासमोरच्या दातांच्या फक्त सहा जोड्या लागत, तरी हजारो तरुण त्यातच नापास झाले!

१९४२ मध्ये बेझिल बिबी यांनी मुलांच्या दातांना सोडियम फ्लोराइडचं द्रावण लावलं, तर कीड कमी झाली. मग टूथपेस्टमध्येच घाला की! घातलं, पण फायदा दिसेना. पेस्टमधली घासायची पूड कॅल्शियमची, तीच फ्लोराइडला धरून बसायची. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही मॉड्यूल वेगवेगळी उत्तम, एकत्र केली की बोंब.

इंडियाना विद्यापीठातल्या जोसेफ म्यूलर आणि सहकाऱ्यांनी दोन्हीकडून तोड काढली. फ्लोराइड कथिलाचं घेतलं आणि पूड तापवून केलेल्या कॅल्शियम पायरोफॉस्फेटची. त्यातून १९५५ मध्ये 'क्रेस्ट' बाजारात आली आणि १९६० मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने तिला मान्यता दिली.

मला सगळ्यात आवडलं ते फिन ब्रुडेवोल्ड यांचं १९६३ चं काम. द्रावण आम्लधर्मी असलं की फ्लोराइड एनॅमलमध्ये जास्त शिरतं. पण आम्लानेच तर एनॅमल विरघळतं! त्यांनी आम्ल निवडलं फॉस्फरिक. द्रावणात आधीच फॉस्फेट भरपूर असल्यावर दातातलं फॉस्फेट बाहेर यायला फारसं धजत नाही. अकरावी-बारावीतला ल शातेलिए आठवतोय ना? तोच.

पुढे मेलबर्नच्या एरिक रेनॉल्ड्स यांनी वेगळाच मुद्दा मांडला. फ्लोराइडचे दोन आयन खनिजात बसायचे तर सोबत कॅल्शियमचे दहा आणि फॉस्फेटचे सहा लागतात. हे सगळं एका जागी भांडण न होता ठेवायला त्यांनी दुधातलं केसीन वापरलं. नुसत्या फ्लोराइडपेक्षा याचा किती जास्त फायदा होतो, यावर अजून एकमत नाही. पण एकेकाळी ट्यूबमध्ये खलनायक ठरलेलं कॅल्शियम असं परत आलं, हे भारीच.

असो. रात्री दात घासल्यावर फेस थुंका, पण लगेच खळखळून चूळ भरू नका. इतक्या खटपटीने दातापर्यंत आणलेलं फ्लोराइड बेसिनमध्ये कशाला घालवायचं?