डेझी : रोपांची ओळख व लागवड

सूर्यफूल कुलातील (ॲस्टरेसी, जुने नाव कंपॉझिटी) ज्या वनस्पतींच्या फुलोऱ्यात मध्ये पिवळे बिंब आणि भोवती किरणांसारख्या पाकळ्या असतात, त्यांतील अनेकींना बागकामात सरसकट डेझी म्हटले जाते. एक फूल वाटणारा हा फुलोरा म्हणजे स्तबक, अर्थात देठाच्या रुंदावलेल्या टोकावर दाटीने बसलेल्या पुष्पकांचा (लहान फुलांचा) समूह असून, त्यातील कडेची किरणपुष्पके व मधली बिंबपुष्पके होत. यूरोपातील मूळची डेझी (बेलिस पेरेनिस) बुटकी असते. बागांत अधिक दिसणारी शास्ता डेझी हा मात्र अमेरिकन उद्यानतज्ज्ञ ल्यूथर बरबँक यांनी कॅलिफोर्नियात अनेक जातींच्या संकरातून तयार केलेला आणि 1901 मध्ये प्रसृत केलेला प्रकार आहे.

या कुलातील रोपे कोवळेपणी एकमेकांसारखी दिसतात. प्रथम येणारी दोन बीजदले, म्हणजे बीजातच तयार असलेली अन्नसाठ्याची पाने, बहुतेकांत साधी व लंबगोल असल्यामुळे त्यांवरून निदान करणे व्यर्थ होय. चार-पाच खरी पाने येईपर्यंत थांबणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. त्यानंतर पानांचा आकार पाहण्याआधी त्यांची मांडणी पाहावी. बेलिस व शास्ता या दोहोंची पाने जमिनीलगत गुलाबाच्या पाकळ्यांप्रमाणे वर्तुळात पसरतात. बेलिसची पाने चमच्यासारखी, टोकाशी गोलसर व बुडाशी निमुळती असतात, तर शास्ताची पाने गर्द हिरवी, जाडसर व दातेरी कडांची असतात. पाने खोडावर समोरासमोर जोडीने येत असतील, तर ते रोप या दोहोंपैकी नव्हे. महाराष्ट्रातील वाफ्यांत आपोआप उगवणारी अशी रोपे पुष्कळदा एकदांडीची किंवा माक्याची असतात. एकदांडीची पाने खरखरीत व ठळक दातेरी असून खोड सरपटते, तर माक्याचे खोड चुरगळल्यास रस थोड्या वेळात काळपट होतो. समोरासमोर आलेल्या, पिसांसारख्या विभागलेल्या पानांना चुरगळल्यावर उग्र वास आला, तर ते रोप झेंडूचे समजावे.

खरा घोटाळा गाजर गवताच्या बाबतीत होतो. या तणाचे रोपही सुरुवातीला जमिनीलगत वर्तुळाकार पसरते आणि त्याची पहिली पाने फारशी विभागलेली नसतात. पुढची पाने मात्र गाजराच्या पानांसारखी खोल चिरलेली व फिकट हिरवी येतात. भारतात 1950 च्या दशकात पुण्यात त्याची प्रथम नोंद झाली, असे सामान्यतः मानले जाते. त्याच्या स्पर्शाने त्वचेचा दाह व परागांमुळे श्वसनाचा त्रास होऊ शकत असल्याने, चिरलेली पाने दिसताच ते हातमोजे घालून, फुलण्यापूर्वी, मुळासकट उपटावे. डेझी असेल या आशेने ते फुलेपर्यंत राखणे महाग पडते.

शंकास्पद रोपाचे निदान करायचे झाल्यास ते मातीच्या गोळ्यासह लहान कुंडीत वेगळे लावून वाढवावे. हेतुपूर्वक लागवड करायची असल्यास मैदानी भागात पावसाळा ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, बी पेरणे सोयीचे असते. बेलिसचे बी अत्यंत बारीक असून त्याला रुजण्यास उजेड लागतो, म्हणून ते मातीत पुरण्याऐवजी भुसभुशीत, चाळलेल्या मिश्रणावर टाकून हलकेच दाबावे व झारीच्या बारीक फवाऱ्याने ओलावा राखावा. तापमान सुमारे 20 अंश सेल्सिअस असल्यास उगवण साधारण दोन ते तीन आठवड्यांत होते. या काळात पाणी साचले, तर बुरशीमुळे रोपे बुडाशी कोलमडतात. शास्ताची रोपे सुमारे 30 ते 45 सेंमी. अंतरावर, सहा तास ऊन मिळेल अशा निचऱ्याच्या जमिनीत लावावीत. तिचे फूल लांब दांड्यावर येत असल्यामुळे फुलदाणीसाठीही उपयुक्त ठरते.

शास्ता बहुवर्षायू असली, तरी मैदानातील कडक उन्हाळा व पावसाळ्यातील ओल तिला मानवत नाही, त्यामुळे येथे ती बहुधा हंगामी म्हणूनच घेतली जाते. थंड हवेच्या ठिकाणी दोन-तीन वर्षांनी ठोंब फोडून ती नवी करता येते. ती संकरित असल्याने तिच्या बियांपासून आलेली रोपे मूळ झाडासारखीच निघतील याची खात्री नसते, म्हणून विशिष्ट वाण जपायचा असल्यास बी न धरता ठोंबच वापरावा.