गिनीपिगांनी लिहिलेलं पुस्तक

आजचा भाग एका पुस्तकाबद्दल आहे आणि ते लिहिणारे सगळेच्या सगळे बारावीत होते. १९३८ साल, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं कोलंबस शहर, आणि तिथल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीनं स्वतः चालवलेली एक शाळा. या शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या वर्गानं, म्हणजे पंचावन्न मुलामुलींनी, मिळून आपल्या शालेय शिक्षणाचा हिशेब मांडला आणि हेन्री होल्ट या नावाजलेल्या प्रकाशनानं तो छापला. पुस्तकाचं नाव ‘वेअर वी गिनीपिग्ज?’ आपल्या भाषेत, ‘आमच्यावर काय प्रयोग चालला होता का?’

प्रश्न खवचट वाटतो, पण प्रयोग खरंच चालला होता.

जरा मागे जाऊ. १९३० साली वॉशिंग्टनमध्ये प्रोग्रेसिव्ह एज्युकेशन असोसिएशनचं अधिवेशन भरलं होतं. हायस्कूल कसं सुधारता येईल यावर चर्चा. कोणी काही चांगलं सुचवलं की दुसरा उठून म्हणायचा, हे सगळं ठीक आहे हो, पण मग मुलांना कॉलेजात प्रवेश कसा मिळणार? झालं, सूचना तिथेच मेली. कॉलेजं ठरवून द्यायची की गणित एवढं हवं, परकीय भाषा इतकी वर्षं हवी, आणि हायस्कूल त्या मापाचे कपडे शिवायचं. गंमत म्हणजे हायस्कुलात पाऊल टाकणाऱ्या सहा मुलांपैकी जेमतेम एक कॉलेजपर्यंत पोहोचायचा. उरलेल्या पाचांनी कोणासाठी शिकायचं, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं.

हे आपल्याला ओळखीचं वाटेल. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक १८५९ मध्ये सुरू झाली. न्यायमूर्ती रानडे पहिल्याच तुकडीतले. ती होती विद्यापीठाच्या दारावरची परीक्षा, पण बघता बघता सगळी माध्यमिक शाळाच तिच्याभोवती फिरायला लागली. ‘नॉनमॅट्रिक’ हा शब्द आजोबांच्या पिढीत माणसाला आयुष्यभर चिकटायचा. परीक्षा कॉलेजात जाणाऱ्यांची, शिक्का मात्र न जाणाऱ्यांवर.

अमेरिकेत त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट घडत होती. मंदी आली, पोरांना कामं मिळेनात, आणि ती शाळेतच थांबायला लागली. १९३० मध्ये चौदा ते सतरा वयाची साधारण निम्मी मुलं हायस्कुलात होती, १९४० पर्यंत हा आकडा सत्तर टक्क्यांच्या पुढे गेला. म्हणजे ज्यांना कॉलेजात जायचंच नव्हतं अशांनी वर्ग भरले होते, आणि त्यांच्यापुढे अभ्यासक्रम होता कॉलेजवाल्यांचा. मुलं कंटाळणार नाहीत तर काय!

मग असोसिएशननं एक समिती नेमली. अध्यक्ष विल्फर्ड एकिन, सेंट लुइसच्या जॉन बरोज शाळेचे प्रमुख. समितीनं कॉलेजांशी जो सौदा केला तो मला भन्नाट वाटतो. तीस हायस्कुलं निवडायची, आणि सुमारे तीनशे कॉलेजांनी मान्य करायचं की या शाळांतून येणाऱ्या मुलांना ठरावीक विषयांची अट लावणार नाही. शाळेची शिफारस आणि मुलाच्या कामाची सविस्तर नोंद बघून प्रवेश द्यायचा. शाळांनी १९३३ पासून आपापले बदल करायचे, आणि १९३६ पासून मुलं कॉलेजात जातील तेव्हा बघायचं की ती टिकतात की बुडतात. इतिहासात हा प्रयोग ‘एट इयर स्टडी’, आठ वर्षांचा अभ्यास, म्हणून ओळखला जातो.

आता तुम्हाला वाटेल की पिंजरा उघडला आणि पक्षी उडाले. तसं झालं नाही. कॉलेजची अट गेल्यावर कित्येक शाळांना काय करावं हेच सुचेना. इतकी मोकळीक मिळाल्यावर आम्हाला भीतीच वाटते, असं एका मुख्याध्यापकानं कबूल केल्याचं एकिननी नोंदवलं आहे. इतकी वर्षं ‘कॉलेजवाले मानत नाहीत’ हे कारण सांगता येत होतं, आता तेही गेलं. काही शाळांनी वेळापत्रकात थोडं इकडचं तिकडे केलं आणि बदल झाला असं जाहीर केलं. (ऑफिसात नवी सिस्टिम आली की आम्हीही कधीकधी जुन्याच स्क्रीनला नवा रंग देतो, ते आठवलं.)

पण ज्यांनी मनावर घेतलं त्यांनी खरंच मुळापासून हात घातला. काही ठिकाणी इंग्रजी, इतिहास, विज्ञान यांच्या भिंती पाडून रोज एक मोठा तास ठेवला, आणि त्यात मुलांच्या जगण्यातला एखादा प्रश्न महिनोन्महिने चालायचा. एकच शिक्षक दोनदोन, तीनतीन वर्षं त्याच वर्गाबरोबर राहायचा, त्यामुळे त्याला मुलगा नुसता हजेरीच्या नंबरानं माहीत नसायचा. शिक्षकांना हे कोणी शिकवलेलं नव्हतं, म्हणून १९३६ च्या उन्हाळ्यात ओहायो स्टेटमध्ये काही आठवडे त्यांनाच एकत्र बसवून आपापल्या अडचणींवर काम करायला लावलं. शिक्षकांची ‘वर्कशॉप’ हा प्रकार तिथून रुळला असं मानतात. आता आपल्या शिक्षकांना सुट्टीत वर्कशॉपची नोटीस येते तेव्हा त्यांचा चेहरा कसा होतो ते सोडून द्या.

आपली कोलंबसची शाळा या मनावर घेणाऱ्यांपैकी. ती उघडली १९३२ मध्ये, आणि १९३८ चा वर्ग तेव्हा सातवीत होता. या वर्षी काय शिकायचं, किती दिवस, कशा रीतीनं, यावर शिक्षक आणि मुलं एकत्र बसून ठरवायची. याचा अर्थ मुलं म्हणतील ते, असा नाही. शिक्षक आपलं मत ठासून मांडायचे, पण मुलांना कारणं द्यावी लागायची आणि त्यांची कारणं ऐकावी लागायची.

या प्रयोगाचं मोजमाप रॅल्फ टायलर या तिशीतल्या माणसाच्या हातात होतं. पाठांतर तपासणारी परीक्षा इथे कुचकामी, हे त्यानं आधीच ओळखलं. तो शिक्षकांना विचारायचा, तुमच्या वर्गातून बाहेर पडताना मुलाला नक्की काय करता यायला हवं? पुरावा तपासता यायला हवा? मग तेच तपासणारी चाचणी बनवू. कॉलेजातल्या तुलनेसाठी दुसऱ्या एका गटानं जोड्या लावल्या. प्रयोगातला एक विद्यार्थी, आणि त्याच्यासारखाच नेहमीच्या शाळेतला दुसरा. लिंग, वय, बुद्धिचाचणीतले गुण, घरची परिस्थिती, आवडीनिवडी, सगळं शक्य तितकं जुळवून. अशा १,४७५ जोड्या! आमच्या धंद्यात याला ए-बी टेस्ट म्हणतात, पण आम्ही बटणाचा रंग बदलून दोन दिवसांत निकाल बघतो. यांनी माणसं घेतली, आणि काही वर्षं थांबले.

निकाल १९४२ मध्ये आला. प्रयोगातली मुलं कॉलेजात बुडाली नाहीत. एकूण गुण किंचित जास्त, मानसन्मान थोडे जास्त, परकीय भाषेत मात्र जरा मागे. कुतूहल, स्वतःहून मार्ग काढणं, जगात काय चाललंय याची आस्था, यात ती पुढे होती. आणि ज्या सहा शाळांनी सगळ्यात जास्त बदल केले होते, त्यांची मुलं आपल्या जोडीदारांपेक्षा स्पष्टच सरस ठरली. मला यातला ‘किंचित’ हा शब्द सगळ्यात विश्वासार्ह वाटतो. विकायला निघालेल्या माणसानं तो वापरला नसता.

पण गुण हा एक भाग झाला. मुलांना शाळा कशी वाटली? म्हणून तर ते पुस्तक मोलाचं. सातवीपासून बारावीपर्यंत आपण काय केलं, हे त्यात मुलांनीच सांगितलंय, आणि सूर अभिमानाचा आहे. अभिमान इमारतीचा नाही, निकालाचाही नाही, ‘हे आम्ही ठरवलं’ याचा आहे. सतरा वर्षांच्या मुलाला शाळेबद्दल समाधान कशानं वाटतं याची यादी करायला गेलं तर मैदान, मित्र, चांगला शिक्षक, कमी गृहपाठ असं बरंच निघेल. पण आपलं म्हणणं कोणी विचारात घेतं का, हा प्रश्न त्या यादीत बहुतेक वेळा नसतोच, कारण विचारणारे आपण मोठे असतो.

अर्थात एक शंका रास्त आहे. शाळेत असताना, शाळेच्याच मदतीनं लिहिलेलं पुस्तक, त्यात मुलं वाईट कशाला लिहितील? ही शंका बहुधा त्याच शाळेतल्या मार्गारेट विलिस या शिक्षिकेलाही पडली असावी. वीस वर्षांनी तिनं तोच वर्ग पुन्हा शोधून काढला. आता ती मुलं चाळिशीच्या उंबरठ्यावर, महायुद्ध पाहिलेली, स्वतःची पोरं शाळेत घालणारी. तिचं पुस्तक १९६१ मध्ये आलं, ‘द गिनीपिग्ज आफ्टर ट्वेंटी इयर्स’. तिला दिसलं ते असं, की ही माणसं एकूणात आपल्या कामाबद्दल आणि आयुष्याबद्दल समाधानी होती, स्वतःचे निर्णय स्वतः घेणारी होती. विचारणारी बाई त्यांचीच शिक्षिका, त्यामुळे थोडं मीठ वजा करूनच घ्यायचं. तरी वीस वर्षांनी आपल्या वर्गाला असं गाठून विचारणारे शिक्षक किती असतात?

आणि हो, या तीस शाळांत खासगी, खात्यापित्या घरांच्या शाळा बऱ्याच होत्या. तिथे प्रयोग करायला लागणारा पैसा आणि धीर दोन्ही होतं, हे विसरून चालणार नाही.

मग हे सगळं गेलं कुठे? निकाल आला तेव्हा अमेरिका युद्धात उतरली होती, कोणाला वाचायला वेळ नव्हता. कॉलेजांनी जुन्या अटी परत आणल्या. १९५० मध्ये फ्रेडरिक रेडेफर यांनी त्याच शाळांकडे पुन्हा पाहिलं तेव्हा बदलांपैकी फारच थोडं शिल्लक होतं. शिक्षक बदलले, पालकांना काळजी वाटली, नवा मुख्याध्यापक आला. कोणी बंदी घातली नाही, हळूहळू ओसरलं. कोलंबसची शाळाही १९६७ मध्ये बंद झाली.

पुढच्या भागात याच प्रयोगाचं कमी माहीत असलेलं भावंड बघू. १९४० पासून अमेरिकेच्या दक्षिणेत, वेगळ्या ठेवलेल्या कृष्णवर्णीय मुलांच्या हायस्कुलांत असंच काम सुरू झालं होतं, आणि तिथे कॉलेजच्या अटींपेक्षा फार मोठ्या भिंती होत्या. तोपर्यंत घरात कोणी नववी-दहावीत असेल तर शाळेत त्यांचं काय विचारलं जातं ते विचारून आम्हाला कळवा.