दुसऱ्या कृतीची कसोटी

कोणत्याही कलेच्या इतिहासात पहिल्या कृतीचे कौतुक फार होते. तिची तिथी पाठ असते, तिची शताब्दी साजरी होते, तिच्या कर्त्याचे पुतळे उभारले जातात. दुसऱ्या कृतीची कोणी विचारपूस करीत नाही. आम्हांला मात्र असे वाटते की, पहिली कृती एखाद्याच्या हट्टातून निर्माण होऊ शकते; दुसरी कृती निर्माण होण्यास नुसता हट्ट पुरत नाही. तिला माणसे लागतात, आणि लोकांचा हात पाठीवर लागतो.

नाशिककरांना याचा दाखला शोधायला लांब जावयास नको. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी विमापत्रे गहाण टाकून, पत्नीचे दागिने मोडून 'राजा हरिश्चंद्र' पुरा केला आणि ३ मे १९१३ रोजी तो मुंबईत लोकांसमोर आणला. तो बनला दादरला, आणि त्यात तारामती झाले अण्णा साळुंके. कारण कॅमेऱ्यापुढे उभी राहील अशी स्त्री मिळेना. पुढे फाळके नाशिकला आले आणि त्याच वर्षी त्यांनी 'मोहिनी भस्मासुर' हा दुसरा चित्रपट तयार केला. त्यात पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची कन्या कमलाबाई. पहिल्या चित्रपटाला घरातले दागिने पुरले. दुसऱ्याला या मायलेकींचे धैर्य लागले. दुसऱ्या कृतीचे मर्म ते हेच.

हेच मर्म मनाशी धरून आज आपण एका अगदी निराळ्या कलेकडे वळू. आपल्या घरातील तरुण मुले कानांत यंत्र अडकवून जे संगीत ऐकतात, त्यात 'मेटल' नावाचा एक प्रकार आहे. वडीलधारी मंडळी त्याला गोंगाट म्हणून मोकळी होतात. ज्या गावच्या ढोलाने उभा महाराष्ट्र दणाणून सोडला, त्या गावाने तरी मोठ्या आवाजाला इतक्या सहजी नाक मुरडू नये!

या संगीताचा जन्म इंग्लंडातील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातला. तेथे टोनी आयोमी नावाच्या सतरा वर्षांच्या कामगार मुलाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या यंत्राखाली तुटली. हा मुलगा डावखुरा. म्हणजे गिटारीच्या तारा दाबायची बोटे तीच. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणे केली, पातळ तारा चढविल्या, पुढे त्या सैल करून सूर उतरविला. त्यातून जो जड, खर्जातला नाद निघाला, त्यावर 'ब्लॅक सॅबथ' हे वाद्यवृंदाचे घराणे उभे राहिले. १९७० साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, तिचे वादन जवळजवळ एका दिवसात नोंदले गेले होते. त्याच वर्षी दुसरी निघाली, 'पॅरानॉइड'. जगाने या संगीताला ओळखले ते मुख्यतः या दुसरीमुळे.

येथे 'अल्बम' या शब्दाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. जुन्या तबकडीच्या एका बाजूस तीनचार मिनिटांचेच गाणे मावत असे. म्हणून मोठी रचना अनेक तबकड्यांवर नोंदून त्या छायाचित्रांच्या वहीसारख्या बांधणीत विकीत. त्या वहीवरून अल्बम हे नाव पडले. १९४८ साली दीर्घ काळ वाजणारी तबकडी आली आणि वही गेली, नाव मात्र राहिले. आपल्या ख्यालगायकांनी तीन मिनिटांत राग बसविण्याची करामत केली ती त्या आधीच्या काळात. दीर्घ तबकडीमुळे पाश्चात्य तरुणांना उलट मोकळीक मिळाली. पाऊण तासाची एकसंध रचना बांधता येऊ लागली, आणि त्या मोकळिकीतून 'प्रोग्रेसिव्ह' म्हणजे नित्य नवी वाट शोधणारे संगीत पुढे आले. मेटलचा जडपणा आणि या संगीताची गुंतागुंत एकत्र आली, तो प्रोग्रेसिव्ह मेटल. त्याची सगळी गंमत लयीत आहे. आपला केरवा आठ मात्रांचा, रूपक सातांचा, झपताल दहांचा. एकाच गाण्यात सातांतून आठांत, आठांतून पाचांत जावे आणि तरीही समेवर सर्वांनी अचूक एकत्र यावे, असा हा खेळ आहे. तबल्याची तिहाई ऐकून ज्यांची मान डोलते, त्यांना त्यातील आनंद परका वाटण्याचे कारण नाही.

या शाखेतही दुसऱ्या मुद्रिकेचे महत्त्व ठळक आहे. अमेरिकेतील 'ड्रीम थिएटर' या वृंदाची पहिली मुद्रिका १९८९ साली निघाली. ती फारशी चालली नाही. गायक गेला. बाकीच्या मंडळींनी गायकावाचून नव्या रचना बांधल्या, अनेकांची परीक्षा घेतली, आणि शेवटी कॅनडातील जेम्स लाब्री यांना घेऊन १९९२ साली 'इमेजेस अँड वर्ड्स' ही दुसरी मुद्रिका काढली. आज या शाखेचा प्रमाणग्रंथ म्हणून तिचेच नाव घेतले जाते.

आता आपल्या देशातील गोष्ट. दिल्लीचे केशव धर हे गिटारवादक घरच्या खोलीत, संगणकासमोर एकटे बसून रचना करीत आणि त्या इंटरनेटवर ठेवीत. त्या रचना ऐकून माणसे जोडली गेली. अमेरिकेतील अनूप शास्त्री यांनी ड्रम वाजविले, इंग्लंडच्या डॅनियल टॉम्पकिन्स यांनी आवाज दिला, मुंबईच्या 'भयानक मौत' या वृंदाचे सुनीथ रेवणकर यांनी आपल्या गर्जनेने तीन रचना भारून टाकल्या आणि मार्टी फ्रीडमन या नामांकित वादकाने पाहुणा म्हणून साथ केली. २०१२ साली इंग्लंडमधील बेसिक रेकॉर्ड्सने ही पहिली मुद्रिका प्रसिद्ध केली. वृंदाचे नाव 'स्कायहार्बर', म्हणजे आकाशातले बंदर. ते शोभलेही, कारण या गलबतांची भेट जमिनीवर झालेलीच नव्हती!

आपल्या मैफलीत तबलजी गवयाच्या डोळ्याकडे पाहतो, तंबोऱ्याची जवारी एकाच हवेत घुमते. एकाच सतरंजीवर न बसता केलेल्या अशा संगीताला संगत म्हणावे काय, हा प्रश्न कोणाही रसिकाला पडेल. पहिल्या मुद्रिकेने त्याचे उत्तर दिले नाही. ती एका माणसाची कल्पना होती आणि बाकीच्यांनी तिला आपापल्या गावाहून हातभार लावला होता, इतकेच. परंतु मुद्रिका गाजली की लोक प्रत्यक्ष ऐकण्याची मागणी करतात, आणि मंचावर संगणक पुरत नाही. तेव्हा मुंबईच्या 'गॉडेस गॅग्ड' या वृंदातील देवेश दयाल गिटारीवर आणि कृष्णा झवेरी बासवर येऊन मिळाले. एकट्याच्या रचनांभोवती हळूहळू वृंद उभा राहिला. दुसरी मुद्रिका करण्याची वेळ आली ती या वृंदावर, आणि तिला पैसा लागणार होता.

येथे त्यांनी जे केले, ते आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. २०१४ साली त्यांनी प्लेजम्युझिक नावाच्या संस्थेमार्फत श्रोत्यांनाच साद घातली: मुद्रिका अजून व्हायची आहे, तिची किंमत आज द्या. श्रोत्यांनी ती दिली. न ऐकलेल्या गाण्याचे मोल आधी मोजणे ही केवढी श्रद्धा! कोणी म्हणेल, ही परदेशी टूम आहे. पण महाराष्ट्राला ती नवी नाही. डॉ. केतकरांनी ज्ञानकोशासाठी कंपनी काढून भाग विकले, गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळविले, आणि त्या बळावर तेवीस खंड पुरे केले. राजाश्रय सरल्यावर आपली नियतकालिके आणि आपल्या व्याख्यानमाला जगल्या त्या अशाच, लोकांनी आधी टाकलेल्या विश्वासावर.

१० नोव्हेंबर २०१४ रोजी 'गायडिंग लाइट्स' ही दुसरी मुद्रिका प्रसिद्ध झाली. तीत दहा रचना आहेत. मिश्रणाचे काम ऑस्ट्रेलियाच्या फॉरेस्टर सॅव्हेल यांनी केले. पहिलीतला दोन आवाजांचा झगडा येथे नाही. गर्जना मागे पडली आहे आणि टॉम्पकिन्स यांचा लांब, तरल स्वर पुढे आला आहे. लयीची अवघड वळणे आहेतच, परंतु ती दाखविण्यासाठी घेतलेली वाटत नाहीत. पहिलीत वादकाची तयारी ऐकू येते, दुसरीत परस्परांसाठी सोडलेली जागा ऐकू येते. जागा सोडणे हीच संगतीची खूण. ती ऐकल्यावर आमच्या मनातील सतरंजीचा प्रश्न निदान अर्धा सुटला.

अर्धा अशासाठी की, पुढची हकीकत सरळ नाही. पुढच्याच वर्षी टॉम्पकिन्स आणि शास्त्री हे दोघेही वृंदातून गेले. तिसरी मुद्रिका २०१८ साली निघाली, ती नव्या गायकासह. आणि २०१९ साली प्लेजम्युझिक ही संस्थाच बुडाली. श्रोत्यांनी विश्वासाने दिलेला पैसा तिच्याकडे अडकला आणि जगातील अनेक कलावंतांना तो मिळाला नाही. म्हणजे लोकांचा विश्वास खरा होता. तो वाहून नेणारी नळी फुटकी निघाली. लोकाश्रयाच्या नावाने मध्ये जो उभा राहतो, त्याचा हिशेब लोकांनी आणि कलावंतांनी दोघांनीही तपासला पाहिजे, हा धडा केवळ संगीतापुरता नाही.

तरीही दिल्ली, मुंबई, इंग्लंड आणि अमेरिका येथील काही तरुणांनी, त्यांना कधी न भेटलेल्या श्रोत्यांच्या आगाऊ पैशांवर, एक चांगली गोष्ट पुरी केली, ही वस्तुस्थिती राहतेच. फाळक्यांच्या दुसऱ्या चित्रपटाला कामत मायलेकी मिळाल्या नसत्या, तर पहिल्याचे काय मोल राहिले असते, हे सांगणे कठीण. तेव्हा आपल्या गावातील एखाद्या मुलाने गिटारीवर, कुंचल्याने वा लेखणीने पहिली कृती केली, तर टाळ्या जरूर वाजवाव्यात. पण थोडे थांबून त्याला हेही विचारावे की, दुसरीचे काय, आणि तिला आमची वर्गणी किती?